अण्णांचा मनमाप

'चावडी' या ॲपचे नियम गुरुवारी बदलत. गुरुवारीच का, हे कुणाला ठाऊक नव्हतं; पण डिजिटल मार्केटिंगवाल्या मंडळींनी त्याप्रमाणे आयुष्य बसवून घेतलं होतं. गुरुवारी साखरपुडा धरायचा नाही, दाढ काढायला जायचं नाही, आणि गिऱ्हाइकाला शब्द तर मुळीच द्यायचा नाही. निम्मा देश सकाळी आधी चावडी उघडत असे, मग डोळे. त्यामुळे चावडीनं कूस बदलली, की इकडे हजारो दुकानांची पाटी पुसली जाई. एका गुरुवारी जाहिरात मजकूर जास्त म्हणून अडवली, पुढच्या गुरुवारी कमी म्हणून. एका गुरुवारी माणसांचं वय आणि आवडनिवड पाहून जाहिरात दाखवायची सोयच काढून घेतली. त्या सोयीवर ज्यांनी संसार मांडले होते ते दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी नवी विद्या शिकवायचे क्लास काढून बसले. ही जात चिवट.

मनमापाचा गुरुवार मात्र निराळा होता.

झालं होतं असं, की यंत्रानं घडवलेली माणसं इतकी वाढली की चावडीवर खरा माणूस शोधावा लागे. पांढऱ्या दाढीचे वैद्य, हसऱ्या गृहिणी, 'माझं आयुष्य बदललं' म्हणणारे निवृत्त हेडमास्तर. सगळे हुबेहूब, आणि त्यांतला एकही कधी जन्माला आलेला नाही. लोकांनी जाहिराती बघायचं सोडलं. चावडीच्या पोटावर पाय आला, तेव्हा चावडीला सत्याची आठवण झाली. नवा नियम आला: जाहिरातीत जिवंत माणूस हवा, त्यानं चावडीच्याच कॅमेऱ्यासमोर बोलायला हवं, आणि त्याचा मनमाप साठाच्या वर हवा. साठाच्या खाली गेला, तर ती जाहिरात बोलणाऱ्याचे नातेवाईक सोडून कुणाला दिसणार नाही.

मनमापाची कल्पना तशी सोपी. माणूस मनात एक ठेवून दुसरं बोलतो, तेव्हा मेंदूला दोन कामं पडतात: खरं दाबून धरायचं आणि खोटं पुढं काढायचं. या ओढाताणीत शब्दाआधी किंचित थांबा पडतो, आवाजाला बारीक कंप येतो, आणि कपाळाच्या, नाकाच्या शेंड्याच्या कातडीखालचं रक्त जरा वेगळं वाहायला लागतं. आपल्या डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतं. काळजाच्या दर ठोक्याला कातडीचा रंग कणभर बदलतो, तो त्याला टिपता येतो. यांतली कुठलीही एक खूण भरवशाची नाही; कुणी उकाड्यानं घामेजतो, कुणी माईक बघून. म्हणून यंत्र आधी त्या माणसाशी थोडा वेळ हवापाण्याच्या गप्पा मारतं, त्याचा स्वभाव शिकून घेतं, मग त्याची तुलना त्याच्याशीच करतं आणि शंभरापैकी एक आकडा देतं.

आता यातली गोम. यंत्राला खरंखोटं कळत नाही. बोलणाऱ्याचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास आहे की नाही, एवढंच कळतं. पृथ्वी सपाट आहे असं मनापासून मानणाऱ्याला ते पैकीच्या पैकी मार्क देतं. चावडीच्या इंजिनियरांना ही उणीव वाटली. मार्केटिंगवाल्यांना तिथे दार दिसलं.

सांगलीच्या विश्रामबागेत, स्टेशनरीच्या दुकानावरच्या मजल्यावर केतकी आवटीचं ऑफिस होतं. केतकी वाईट बाई नव्हती. खोटंही फारसं बोलत नसे. फक्त खरं कुणाला किती वाढायचं, याबाबत तिचा हात मोजका होता. तिचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे राजगोंडा मगदूम, 'चालते व्हा' या गुडघ्याच्या तेलाचे मालक. हे नाव त्यांनी स्वतः ठेवलं होतं. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं; सांगणाऱ्याचं बिल अडलं असतं. ऑफिसचं निम्मं काम या एका तेलावर चाले.

नियम आला त्या आठवड्यात केतकीनं पुण्याहून एक नट बोलावला. त्यानं गुडघ्यावर हात ठेवून असा काही सुस्कारा सोडला, की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायला लागली. मनमाप आला एकतीस. नटानं पुन्हा केलं, या खेपेला डोळ्यांत पाणी आणून. चौदा.

तेवढ्यात अण्णा डबा घेऊन वर आले. अण्णा म्हणजे भूपाल आवटी, केतकीचे सासरे. उभी हयात सांगलीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेली. काचेच्या खिडकीमागे बसून माईकवरून गाड्या पुकारायच्या. अर्ध्या जिल्ह्यानं त्यांच्या आवाजावर विसंबून तासगाव, जत, विटा गाठलं होतं.

"काय अडलंय?" त्यांनी विचारलं.

"जाहिरात, अण्णा. जमतच नाहीय."

अण्णांनी मजकुराचा कागद घेतला आणि लांब धरला. "हे तेल चांगलं हाय काय गं?"

"चांगलं आहे की. अकरा वनस्पती आहेत त्यात."

"तू बघितलीस?"

"कारखान्यात जाऊन आले ना."

हे खरं होतं. ती कारखान्यात जाऊन आली होती. तिथे तीळतेलाची पिंपं होती, कापराची पोती होती, आणि उरलेल्या नऊ वनस्पती एका लोणच्याच्या बरणीत मावल्या होत्या. विचारलं तेवढ्याचं उत्तर तिनं दिलं.

अण्णांनी कॅमेऱ्यासमोर बसून मजकूर म्हटला, विट्याची गाडी फलाटाला लागल्याचं सांगावं तसा. एक्क्याण्णव.

नटानं बॅग उचलली. जाताना त्यानं अदबीनं विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या संस्थेत काम केलंत?"

"महामंडळात," अण्णा म्हणाले.

अशा माणसाला धंद्यात 'कोरा' म्हणायला लागले. पूर्वी घेणाऱ्याला पटवायचं असे, आता बोलणाऱ्याला पटवायचं, एवढाच फरक. कोऱ्याला कारखाना दाखवायचा नाही. मालकाबरोबर एकट्याला बसू द्यायचं नाही. कोल्हापूरचा प्रसन्न कुंभोजकर नावाचा एकजण तर भोळी माणसं भाड्यानं देऊ लागला होता, आणि त्यांच्या घरी येणारा आरोग्याच्या पुरवणीचा पेपर स्वखर्चानं बंद करून देत होता.

केतकीला असलं ठोकळेबाज काम आवडत नसे. तिची रीत घरगुती होती. सकाळच्या चहाला ती अण्णांच्या कानावर एकेक गोष्ट घाली. पाठ करायला काही देत नसे. गप्पांत सोडून देई आणि मुरू देई. हळदीच्या संघाचं काम आलं तेव्हा हळदीची गोष्ट, भांड्यांच्या दुकानाचं आलं तेव्हा पितळेची. तेलासाठी मात्र तिनं जरा जास्त कष्ट घेतले. उज्मा मुल्ला नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा घरी येऊ लागली. 'पाठीच्या व्यायामासाठी,' असं अण्णांना सांगितलं. उज्मा तास तास त्यांचे गुडघे वळवी, ताणी, दाबी. रात्री झोपताना अण्णा तेल चोळत. गुडघे खरंच सुधारले. मेहनत उज्माची, जमा तेलाच्या खात्यावर.

या व्यवहाराची माहिती तिघांना होती: उज्माला, मगदूमांना आणि केतकीच्या नवऱ्याला, सुकुमारला. सुकुमारचं चष्म्याचं दुकान होतं. तो एकदा म्हणाला होता, "अण्णांना एकदा विचार तरी, त्यांना हे सगळं चालतंय का." केतकी म्हणाली होती, "विचारलं की कोरेपण गेलं." तो गप्प बसला होता. गप्प बसलेला नवरा केतकीच्या हिशेबी मान्यतेत धरला जाई.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग थंडी तोंडावर आली. गुडघ्यांचा सीझन. मगदूमांना नवी जाहिरात हवी होती. अण्णा नेहमीसारखे बसले, नेहमीसारखे बोलले. अठ्ठावन्न.

"ताई, अठ्ठावन्न म्हणजे नापास की ओ!" मगदूम फोनवर ओरडले.

"एखादा दिवस असतो, साहेब."

"माझ्या पोराला बी असाच एखादा दिवस असायचा. तीन वर्षं बारावीत होता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुंभोजकर म्हणतोय, त्याच्याकडं मिरजेच्या एक आजी हायत. त्या कशावरबी विश्वास ठेवतात. मी म्हटलं, आधी ताईंना विचारू. घरचं माणूस ते घरचं. बघा काय ते."

केतकीनं फोन ठेवला आणि तिच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला: अण्णांना सांगितलं कुणी?

संशयाचं एक बरं असतं. त्याला पुरावा शोधत फिरावं लागत नाही, पुरावे आपल्या पायांनी घरी येतात. अण्णा आणि सुकुमार गॅलरीत हळू आवाजात बोलताना दिसले. (पाण्याच्या टाकीत पाल पडली होती, केतकीला किळस येते म्हणून हळू बोलत होते.) उज्मा काहीतरी सांगून हसत होती, केतकी आत आली तशी थांबली. मगदूमांनी तर कुंभोजकरचं नाव स्वतःहून काढलं होतं. कोरा माणूस बिघडवून सौदा मोडायचा, ही जुनी युक्ती. सुकुमारचं ते वर्षापूर्वीचं वाक्य तिला आता पुनःपुन्हा आठवू लागलं, आणि दर खेपेला ते थोडं अधिक धमकीसारखं ऐकू येऊ लागलं.

सर्वसाधारण माणसानं अशा वेळी अण्णांना विचारलं असतं, 'काय झालं ओ?' पण केतकी बारा वर्षं या धंद्यात होती. तिच्या धंद्यात माणसाला विचारत नाहीत; माणूस लाजेनं, मानानं, सवयीनं काहीही सांगतो. अर्ध्या लोकांना लाल पाटी दाखवायची, अर्ध्यांना हिरवी, आणि कुठल्या पाटीपुढं पावलं थांबतात ते लपून बघायचं. मग कळतं खरं काय ते. या रीतीनं तिनं हळद, पितळ, क्लासच्या जागा, सगळं विकलं होतं. आता तीच रीत तिनं घरात लावली.

जेवताना ती सुकुमारला सहज म्हणाली, "मगदूम तेलातला कापूर काढून टाकणार आहेत म्हणे. महाग झालाय."

दुसऱ्या दिवशी उज्माला जिन्यात गाठून म्हणाली, "मगदूम तेलात कापूर दुप्पट करणार आहेत म्हणे. जास्त झणझणायला हवं."

दोन्ही गोष्टी तिनं चहा गाळता गाळता रचल्या होत्या. अण्णा 'कापूर गेला' म्हणाले की फितूर सुकुमार. वाढला की उज्मा. आणि कापराचा विषयच निघाला नाही, तर मगदूम. सापळा बिनचूक होता.

तीन-चार दिवसांनी चहाच्या वेळी तिनं विचारलं, "अण्णा, तेलाबद्दल काही कानावर आलं का कुणाकडून?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कपात बघत म्हणाले, "नाही बाई. काय यायचंय?"

म्हणजे मगदूमच! केतकीनं मनातल्या मनात मगदूमांच्या नावावर लाल शाई ओढली.

पण त्याच दुपारी हळदीच्या संघाची जाहिरात होती. अण्णांना हळद आवडे, त्यांचा हळदीचा मनमाप कधी नव्वदीच्या खाली उतरला नव्हता. या वेळी सांगायचं होतं ते एवढंच, की यंदाची हळद कुठलंही रसायन न लावता पॉलिश केलेली आहे. आणि हे अगदी खरं होतं. केतकीनं दिवसभर संघाच्या गोदामात उभं राहून, हात पिवळे करून घेऊन ते बघितलं होतं, आणि आदल्या दिवशी अण्णांना कौतुकानं सांगितलं होतं.

"यंदाची हळद बिनरसायनाची," अण्णा कॅमेऱ्यापुढं म्हणाले. "एकदा लावून बघा, रंग बघा."

एकोणपन्नास.

केतकी आकड्याकडे बघत राहिली. मगदूमांनी तेलाबद्दल कान फुंकले असतील. हळदीबद्दल कोण फुंकणार? खरी गोष्ट, डोळ्यांनी पाहिलेली, आणि तिला एकोणपन्नास. तरी तिनं स्वतःला सांगितलं, यंत्र बिघडलं असेल. यंत्रं बिघडतात. तो गुरुवारही होता.

रविवारी दुपारी अण्णा गॅलरीत उन्हाला पाय करून बसले होते. केतकी फोन स्टँडला लावून समोर बसली.

"अण्णा, यंत्रात काहीतरी गडबड वाटतेय. दोन-चार वाक्यं म्हणता का? तपासून बघते."

"म्हणतो की. माझं काय जातंय."

"आधी नाव सांगा."

"माझं नाव भूपाल नेमगोंडा आवटी."

नव्व्याण्णव.

"आता एसटीतलं काहीतरी."

"सांगलीहून विजापूरला जायला जतवरून गाडी हाय."

अठ्ठ्याण्णव. यंत्राला काही झालेलं नव्हतं. केतकीनं फोन जरा जवळ सरकवला. "आता... तेलाचं."

"चालते व्हा तेलात अकरा वनस्पती हायत."

एकेचाळीस.

"बस, अण्णा. झालं." तिनं फोनकडे हात नेला.

"थांब. एक माझ्या मनाचं म्हणतो." अण्णांनी पाय आखडून घेतले, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि पाठ ताठ करून कॅमेऱ्याकडे बघितलं. मग खणखणीत आवाजात, फलाटाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचावं तसं, म्हणाले:

"आमची केतकी सांगते ते खरं असतं."

आकडा फिरला, घुटमळला आणि थांबला. सतरा.

सासऱ्यानं सुनेला तोंडावर जे म्हणू नये, ते अण्णांनी खोटं बोलून सांगितलं होतं.

"किती आले?" अण्णांनी विचारलं.

"ऐंशी," केतकी म्हणाली. सवयच ती.

अण्णा आवाज न करता हसले. "कॅमेरा माझ्याकडं होता म्हणून वाचलीस."

केतकीनं फोन बंद केला. बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं तेच, जे इतके दिवस आत घोळत होतं. "अण्णा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बघ. अजून तेच विचारतीस. कुणी सांगितलं, कुणी सांगितलं. मला काय झालं, हे विचारलंस का एकदा तरी?"

"काय झालं?"

"बाटली संपली. दुसरं काय व्हायचंय? नवी मागायला लाज वाटली. तू म्हणशील, म्हातारा नुसतं तेल पितोय. दोन-तीन आठवडे लावलंच नाही. आणि गुडघा हाय तसाच चांगला! मनात आलं, अरेच्चा, मग हे तेल करतंय काय? त्याच दिवशी तुझं शूटिंग आलं. अठ्ठावन्न मिळाले त्यात यंत्राची काही चूक नाही. अर्धी शंका होती, त्यानं अर्धं तिकीट कापलं."

"मग मला म्हणाला का नाहीत?"

"म्हणणारच होतो. तर सुकुमार म्हणाला, तेलातला कापूर काढणार हायत. उज्मा आली, ती म्हणाली, कापूर दुप्पट करणार हायत. दोघांना विचारलं, कुणी सांगितलं. दोघांनी नाव तुझं घेतलं." अण्णांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "केतकी, स्टँडवर आम्हाला काचेतनं गाडी दिसायची नाही. खबर यायची. आगारातनं निरोप आला, गाडी सुटली, की मी पुकारायचो. बाया पोरं काखोटीला मारून फलाटाकडं धावायच्या, माझ्या शब्दावर. एका गाडीच्या दोन उलट खबरा एकाच माणसाकडनं आल्या, तर गाडीचं नंतर बघायचं. आधी त्या माणसाकडं बघायचं. तो प्यायलाय, नाहीतर माझ्याशी खेळतोय." ते थांबले. "तू पीत नाहीस."

"अण्णा, ती फक्त टेस्ट होती."

"ते कळलं. कुणाची?"

अण्णाच पुढं म्हणाले, आवाज न चढवता, जणू शेजारच्या कुणाबद्दल बोलावं तसे, "पाठीचा व्यायाम म्हणून येणारी पोरगी वर्षभर माझ्या पाठीला हात लावत नाही, हे मला कळत नव्हतं असं वाटलं काय? कळत होतं. वाटायचं, केतकीनं केलंय म्हणजे काहीतरी चांगलंच असेल. विचारायचं कशाला."

ते उठून आत गेले. केतकी उन्हात बसून राहिली. बारा वर्षं आकडे वाचलेली बाई ती. हा एवढा साधा आकडा तिला वाचता आला नव्हता. ते एक्क्याण्णव तेलाचे नव्हतेच. तेलाचे असतील चार, फार तर पाच. बाकीचे सगळे तिच्या स्वतःच्या नावावर जमा होते, आणि वर्षभर ती ते मगदूमांच्या पिंपात ओतत होती.

सोमवारी ऑफिसला जाण्याआधी तिनं मगदूमांना फोन केला. नवी जाहिरात करणार नाही म्हणाली. अण्णाही करणार नाहीत, आणि मिरजेच्या आजींसाठीही तिच्याकडून मजकूर मिळणार नाही. मगदूमांना आधी वाटलं, दर वाढवून मागतेय. दर वाढवून देतो म्हणाले. तरी नाही म्हटल्यावर त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. "तेलात वाईट काय हाय, ताई? कुणाचं नुकसान झालं काय?"

"तेलाचं काही नाही, साहेब," केतकी म्हणाली आणि फोन ठेवला.

निम्मं काम गेलं. ऑफिसची जागा ठेवायची का सोडायची, दोन मुली कामाला होत्या त्यांना काय सांगायचं, हे सगळं पुढं होतंच. पण तिला आधी स्वयंपाकघरात जायचं होतं. तिथे अण्णा चहात खारी बुडवत बसले होते आणि सुकुमार डबा भरत होता.

"अण्णा, मी मगदूमांचं काम सोडलं," ती म्हणाली. "आत्ताच फोन करून सांगितलं."

सुकुमारचा हात डब्यावर थांबला. अण्णांनी खारी तोंडात टाकली, चावली, गिळली.

"सोडलंस?"

"हो."

"बरं." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. "मगदूमांचा नंबर सांग बघू."

"कशाला?"

"खात्री करून घेतो."

खिडकी लावून घे म्हणावं, इतक्या साधेपणानं ते बोलले. केतकीनं सुकुमारकडे बघितलं. तो झाकण लावण्यात गुंतला. वर्षभरात पहिल्यांदा तिनं अण्णांना स्वतःच्या तोट्याची एक पूर्ण खरी गोष्ट सांगितली होती, आणि ती खरी ठरणं आता राजगोंडा मगदूमांच्या सचोटीवर अवलंबून होतं. तिनं नंबर सांगितला.

अण्णांनी फोन स्पीकरवर लावून कपाशेजारी ठेवला.

"अण्णा! बोला, देवमाणूस!" मगदूमांचा आवाज स्वयंपाकघरभर पसरला.

"साहेब, केतकी म्हणते, तिनं तुमचं काम सोडलं."

पलीकडे थोडी शांतता पडली. केतकीला ती शांतता पाठ होती. मगदूम हिशेब करत होते.

"छे छे छे! असं कोण म्हणालं?" ते म्हणाले. "ताईंचं आमचं सगळं ठरलंय. तुम्ही बुधवारी यायचं, चार शब्द बोलायचं. गाडी पाठवतो की तुम्हाला."

"अण्णा, ते..." केतकी पुढं झाली. अण्णांनी तळहात वर केला. ती थांबली.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले, आणि बघता बघताच फोनमध्ये म्हणाले, "येतो की. पण साहेब, त्या अकरा वनस्पती कुठल्या? लोक विचारतात. नावं पाठ करून येतो म्हणतो."

"आता तुम्हाला काय सांगायचं, अण्णा! तीळ आला, कापूर आला. निर्गुंडी. अश्वगंधा. रास्ना... एरंड. देवदार."

"सात झाल्या."

"हळद. आणि आपली ती... निर्गुंडी."

"निर्गुंडी झाली."

"ही वेगळी. हिमालयातली."

"हिमालयातली," अण्णा म्हणाले. "बरं. ठेवतो."

त्यांनी फोन खिशात घातला. उरलेला चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला. सुकुमारनं विनाकारण डबा उघडून पुन्हा बंद केला.

"तू काम सोडलंस," अण्णा शेवटी म्हणाले, "असं दिसतंय."

"दिसतंय?"

"दिसतंय."

ते उठले, बशी विसळून पालथी घातली आणि बाहेर गेले. केतकी त्यांच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघत राहिली. ते 'दिसतंय' साठाच्या वर होतं की खाली, हे तिला काही केल्या ओळखता येईना. आणि फोन समोर होता, तरी कॅमेरा लावायची तिची छाती झाली नाही.